अंगठ्याएवढी स्वच्छ जागा

दरवर्षी दसऱ्याला, सकाळी दहाच्या सुमारास, शिरपूरकडच्या एका खेड्यातून मला फोन यायचा. फोन एका म्हाताऱ्या अक्कांचा असायचा. त्या माझे आभार मानायच्या. आभार मानायला कोणी फोन केला तर माणूस खूश होतो. मला तो कधी एकदा ठेवतो असं व्हायचं. कारण मी त्यांना फसवलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मी सह्या जमवतो. मेलेल्या मोठ्या माणसांच्या. पुढाऱ्यांच्या, संस्थानिकांच्या, गोऱ्या कलेक्टरांच्या, समाजसुधारकांच्या. पत्रं, हुकूम, दाखले, जे मिळेल ते. जळगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एक लोखंडी कपाट आहे, ते सगळं या सह्यांनी अडवलंय. आमचे कपडे दोरीवर. बायको म्हणते, "मेलेल्यांच्या सह्या गोळा करता, पण जित्या माणसाशी दोन शब्द बोलायचे तर तुमच्या जिवावर येतं. शेजारी बिऱ्हाड येऊन वर्ष झालं, त्यांचं आडनाव सांगा बरं!" मला सांगता आलं नव्हतं. मग मी उगाच तिच्यावर चिडलो होतो.

नोकरीही सह्यांचीच होती. दस्त नोंदणीच्या कचेरीत कारकून. "इथे सही करा, इथे करा, अजून इथे. येत नसेल तर अंगठा द्या." यात माझी तीस वर्षं गेली. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा मी स्वतः धरायचो, शाईच्या पॅडवर दाबायचो, कागदावर टेकवायचो आणि "भिंतीला पुसू नका!" म्हणून खेकसायचो. तरी पुसायचेच. माझ्या टेबलाशेजारची भिंत जांभळ्या ठशांनी भरलेली असायची आणि मला तिची किळस यायची. खोटं कशाला बोलू, मला अंगठेवाल्यांचा रागच यायचा. सही करणारा माणूस वाटायचा आणि अंगठा देणारा म्हणजे वाढीव काम. आज लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटायचं.

शिरपूरला बदली झाली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. एक दिवस ह्या अक्का मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला आल्या. साठीच्या पुढच्या, डोक्यावरून पदर, हात कापूस वेचून खरबरीत झालेले. मी सवयीनं शाईचं पॅड पुढे सरकवलं. त्यांनी ते मागे सरकवलं. "मले सही येस," म्हणाल्या. आणि मग एकेक अक्षर, मान वाकडी करून, जीभ दाताखाली धरून, असं काही काढलं की मागची रांग कुरकुरायला लागली. मीही म्हणालो, "अक्का, जरा आटपा." त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हना घरमा सहीनं लई मोठं काम शे, भाऊ. आम्हनाकडे सहीवाला कागद शे." आणि त्यांनी एक नाव घेतलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की त्या नावाचा रस्ता आपल्याकडे प्रत्येक गावात आहे. मी पेन खाली ठेवलं. रांग गेली खड्ड्यात. मी त्यांचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून घेतला आणि रविवारी त्यांच्या दारात हजर.

कागद पत्र्याच्या पेटीत, जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. चार ओळींचं पत्र. अक्कांचे वडील चळवळीत पकडले गेले होते, धुळ्याच्या तुरुंगात होते, आणि त्या मोठ्या माणसानं त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांच्या आईला, लिहिलं होतं की तुमचे यजमान ठीक आहेत, धीर सोडू नका. खाली सही. अस्सल! नक्कल नाही, शिक्का नाही, कारकुनानं केलेली नाही. निळसर काळ्या शाईतली, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. आणि त्या शेपटीला चिकटूनच कुंकवाचा एक जाडजूड लाल डाग.

मी भिंग काढून सहीत डोळे घातले होते. अक्का शेजारी बसून बोलत होत्या. "हाई कुकू दखा ना भाऊ, हाई कुकू..." त्यांनी सुरुवात केली आणि मी भिंगावरून मान वर न करता म्हणालो, "हो, हो, दिसलं अक्का. पूजेत सांडलं असेल. होतं असं. त्याचं बघू आपण." तेवढ्यात त्यांची सून चहा घेऊन आली आणि बोलणं मोडलं. ते वाक्य अर्धं राहिलं. मी पूर्ण करू दिलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

दर दसऱ्याला त्या घरात विळे-कोयत्यांबरोबर या कागदाची पूजा व्हायची. उघड्यावर, उदबत्तीच्या धुरात, फुलांच्या ओलीत. आम्हा जमवणाऱ्यांना असलं काही ऐकलं की अंगावर काटा येतो. मी त्यांना समजावलं. घडीवर कागद फाटत चाललाय, वाळवी लागेल, माझ्याकडे द्या, मी जळगावहून चांगल्या काचेत बसवून आणतो. अक्कांना एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला होता. त्यांनी कागद खणात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि वर दारापर्यंत सोडायला आल्या.

आता खरं सांगायचं तर नेताना माझ्या मनात पाप नव्हतं. ते जळगावला शिरलं. पहिल्यांदा म्हटलं, आपल्यासाठी एक रंगीत झेरॉक्स काढून ठेवू. बसस्टँडजवळच्या दुकानात काढली, मुद्दाम पिवळट जाड कागदावर. इतकी हुबेहूब आली की दुकानदारच म्हणाला, "काका, खरं कोणतं ते विसराल." मी विसरलो नाही. मी फक्त विचार केला की त्या घरात धूर आहे, उंदीर आहेत, आज ना उद्या हे पत्र मातीत जाणार. माझ्या कपाटात दोनशे वर्षं राहील. पूजेला काय, झेरॉक्सही चालते. भाव महत्त्वाचा! असं मीच मला सांगितलं, आणि झेरॉक्स काचेत बसवली.

बायकोनं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी पाहिले. ती काही खुळी नाही. "यातलं त्या बाईंना कोणतं देणार?" तिनं विचारलं. मी काच पुसत राहिलो. "बघा बाई, तुमचं पाप तुमच्यापाशी," म्हणाली आणि आत गेली.

अक्कांना फ्रेम दिली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांत धरून कपाळाला लावली. मग माझ्या हातावर साखर ठेवली.

आणि मग तो डाग. माझ्या डोळ्यात तो सलत होता. एवढी अस्सल सही आणि तिच्या अंगाला कुंकू थापलेलं! पुण्याचा एक जुना जमवणारा फोनवर म्हणाला, डागाळलेला कागद प्रदर्शनात लोक नाक मुरडून बघतात. मी गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणलं, सुईएवढ्या काडीला कापसाचे बारके बोळे गुंडाळले आणि चार रविवार खिडकीजवळ बसून तो डाग टिपून टिपून काढला. शाईला धक्का न लावता. बोळा टेकवायचा, उचलायचा, तो गुलाबी व्हायचा, फेकायचा, दुसरा घ्यायचा. चौथ्या रविवारी संध्याकाळी कागद स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी बायकोला बोलावून दाखवला. ती म्हणाली, "छान. बोळे केरात टाका, फरशीवर डाग पडतील."

पुढे जळगावात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. ते पत्र मधोमध होतं. लोक वाकवाकून बघत होते. मला शाल आणि नारळ मिळाला, दोन शाळांनी व्याख्यानाला बोलावलं. एका मास्तरीणबाईंनी विचारलं, "हे पत्र ज्यांना आलं त्या बाई कोण?" मी म्हणालो, "खान्देशातल्याच एक." त्यांचं नाव मी अक्कांना कधी विचारलंच नव्हतं. पत्रात नुसतं 'सौभाग्यवती भगिनीस' होतं.

अक्कांचा फोन फ्रेम दिली त्याच वर्षीपासून सुरू झाला. "भाऊ, पूजा व्हयनी. तुम्हनामुळे कागद टिकना. देव तुम्हले सुखी ठेवो." पंधरा-सोळा वर्षं, एकही दसरा चुकला नाही. मी निवृत्त झालो, अक्कांचे यजमान गेले, मुलगा वरणगावला कारखान्यात लागला, फोन मात्र येत राहिला. मी "हो, हो, अक्का, तुम्हालाही" एवढंच म्हणायचो आणि ठेवायचो. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी देऊन टाकू. आजचं काम उद्यावर ढकलणारा मी, कचेरीत लोकांना "उद्या या" म्हणण्यात माझा हातखंडा होता.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आठवडाभर आधीच फोन आला. मी दचकलोच. अक्कांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. शिबिरात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. "डोया उघडनात भाऊ! बठ्ठं दिखस आते. सूनना चेहरा इतल्या वरीसमा आते दखा." मी म्हटलं वा, वा. मग त्या म्हणाल्या, "कागद बी दखा. शाई बारीक ठिपका ठिपकानी दिखस. काचमुळे व्हई का?"

झेरॉक्सचे ठिपके. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या रात्री भोगलं.

तरीही बघा माणूस कसा असतो. कबूल करावं असं मला सुचलं नाही. मला सुचलं ते असं, की पहिली फ्रेम केली त्याच दुकानातून तशीच दुसरी करून घ्यावी, अस्सल पत्र त्यात घालावं आणि गुपचूप बदलावं. त्यांचं त्यांना मिळालं, माझी अब्रू राहिली. साप मरतो आणि काठीही मोडत नाही! दसऱ्याच्या आदल्या दिवशी पिशवी मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. धरणगावापासून पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, बाया वेचायला वाकलेल्या होत्या. मी पिशवीवरचा हात काढला नाही.

घरी अक्का एकट्याच होत्या, सून शेतात. "या भाऊ, बसा. च्या ठेवस," म्हणत त्या आत गेल्या. मी खिळ्यावरची फ्रेम काढली, पिशवीतली टांगली, जुनी पिशवीत घातली. मोजून अर्धं मिनिट. काचेवर वर्षानुवर्षांचं हळद-कुंकू होतं, ते नव्या काचेवर नव्हतं, पण त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं.

अक्का कप घेऊन आल्या, तो माझ्यापुढे ठेवला आणि सवयीनं भिंतीकडे बघितलं. थांबल्या. पदरानं चष्मा पुसला, पुन्हा घातला, जवळ गेल्या. काचेवर सहीच्या शेजारी बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच इकडे तिकडे फिरवत राहिल्या.

"भाऊ, आम्हना कागद कोठे शे?"

"हाच की, अक्का. मी काच पुसली, कुंकू साचलं होतं, म्हणून तुम्हाला..."

"काच पुसी, तं अंगठा कसा पुसाई गया?"

"कसला अंगठा?"

मी खरंच असं विचारलं. तीस वर्षं लोकांचे अंगठे कागदावर टेकवलेला माणूस मी.

"मन्ही मायना," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी सोळा वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. पत्र आलं तेव्हा अक्का आईच्या पोटात होत्या. आईला वाचता येत नव्हतं, गावातल्या मास्तरांनी ओसरीवर बसून वाचून दाखवलं. आईनं विचारलं, हे खाली काय? मास्तर म्हणाले, ही त्यांची सही, म्हणजे हे मीच लिहिलं अशी खूण. आईनं जरा विचार केला. मग आत जाऊन कुंकवाचा करंडा आणला, अंगठा त्यात बुडवला आणि सहीच्या शेजारी दाबून उठवला. "त्यास्नी लिखं, तं मी आयकं, अशी मन्ही बी सही," म्हणाली. नवरा तुरुंगातून सुटला आणि सहा महिन्यांत वारला. आईचा एक फोटो नाही. शेत दिराच्या नावावर, म्हणून कुठल्या कागदावर तिचा अंगठाही लागला नाही. "तिन्ही आख्खा जलममा तेवढीच एक सही करेल शे," अक्का म्हणाल्या. आपण चौथीपर्यंत हट्टानं शाळेत गेलो ते त्याच्यामुळेच, हेही म्हणाल्या. पूजा व्हायची ती त्या अंगठ्याची. त्या मोठ्या माणसाला हात जोडायचेच, पण फूल अंगठ्यावर.

मी सगळं सांगितलं. झेरॉक्स, कपाट, प्रदर्शन, शाल, नारळ. काही ठेवलं नाही. अक्का रागावल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ऐकत राहिल्या. शेवटी एवढंच विचारलं, "नि अंगठा?"

"डाग समजून काढला, अक्का. कापसाच्या बोळ्यांनी. पाण्यानं."

"ते बोळा कोठे शेतस?"

त्यांना वाटलं, बोळे असतील. लाल झालेले का होईना, असतील. त्या माझ्या तोंडाकडे आशेनं बघत होत्या, नव्या डोळ्यांनी.

"केरात टाकले," मी म्हणालो.

"हां," अक्का म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या पिशवीत हात घालून झेरॉक्सची फ्रेम काढली. खिळ्यावरची अस्सल उतरवून मला दिली आणि झेरॉक्स जागेवर टांगली, सरळ झाली का ते दोनदा बघितलं. मी म्हणालो, "अक्का, ती नक्कल आहे हो. खरं पत्र हे. हे तुमचं आहे. माझ्यावर उपकार करा, हे ठेवून घ्या."

"बिनअंगठाना कागद मन्हा काय कामना?" त्या म्हणाल्या. "यामा तिन्हा फोटो तरी शे. सही तुम्हले पाहिजे व्हती ना? ली जा." आणि जरा थांबून, "च्या थंडा व्हई ऱ्हायना."

मी तो साय धरलेला चहा प्यायलो. निघताना पायांना हात लावला. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. एसटीत ती फ्रेम मांडीवर इतकी जड लागत होती की काय सांगू. घरी आल्यावर बायकोनं पिशवीतून डोकावणारी चौकट बघितली आणि विचारलं, "त्यांनी घेतलं नाही?" मी मान हलवली. तिनं जेवायला वाढलं. मग मी तिला अंगठ्याचं सांगितलं. ती ताटावरून उठली आणि बराच वेळ मोरीत तोंड धूत होती. "मीच म्हटलं होतं ना, केरात टाका म्हणून," एवढंच म्हणाली. तिचा काय दोष! पण तिनं तो अर्धा उचलला.

यंदा दसऱ्याला दहा वाजले, साडेदहा वाजले. पहिल्यांदा मी फोनजवळ बसलो होतो, पहिल्यांदा मला तो वाजायला हवा होता. अकरा वाजता बायकोनं आपट्याची पानं आणून माझ्या हातात दिली आणि फोनकडे बघून आत गेली. अक्का बऱ्या आहेत, हे मला ठाऊक आहे; शिरपूरच्या जुन्या सहकाऱ्याला विचारलं होतं. फोन आला नाही एवढंच.

दुपारी मी कपाट उघडून ते पत्र खिडकीत नेलं. भिंग लावलं. सही अजून तशीच ठळक आहे. तिच्या शेवटच्या अक्षराला लागून एक जागा आहे, अंगठ्याएवढी, बाकीच्या पिवळ्या कागदापेक्षा जरा पांढरी. फार स्वच्छ. ती मी केली.